क्षमायाचनेचें गद्य

साहित्यशास्त्राच्या आमच्या ग्रंथांत स्तुति आहे, निंदा आहे, विलाप आहे, उपालंभ आहे. प्रत्येकाचीं लक्षणें व उदाहरणें तेथें शिस्तवार दिलेलीं आढळतात. परंतु गेल्या दहापंधरा वर्षांत जो गद्यप्रकार आमच्या कानांवर व डोळ्यांवर सर्वांत अधिक येऊन आदळत आहे, त्याची चिकित्सा फारशी कोणीं मनावर घेतलेली दिसत नाहीं. तो प्रकार म्हणजे जाहीर क्षमायाचना. कोणी एखादा गृहस्थ सभेंत अथवा फेसबुकावर एक वाक्य टाकून मोकळा होतो, दुसऱ्या प्रहरापर्यंत तें वाक्य गांवोगांव पोंचतें, लोक खवळतात, आणि तिसऱ्या प्रहरीं चार ओळींचें एक निवेदन प्रसिद्ध होतें. या चार ओळींना वाङ्मय म्हणावयाचें काय, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, ज्या शब्दांवर माणसाची अब्रू, आणि कधीं कधीं त्याचें स्वातंत्र्यही अवलंबून असतें, ते शब्द कसे रचले आहेत हें पाहणें टीकाकाराचें काम नसेल, तर मग तें कोणाचें?

या परीक्षणासाठीं आम्ही बारामती-इंदापूरचा मुलूख निवडला आहे, तो केवळ सोयीसाठीं नव्हे. बारामती हें मोरोपंतांचें गांव. पंतांचा जन्म १७२९ सालीं पन्हाळ्यास झाला, परंतु त्यांचें कविजीवन गेलें तें बारामतीस, बाबूजी नाइकांच्या आश्रयानें. त्यांची ‘केकावली’ हें पृथ्वी वृत्तांतलें काव्य म्हणजे आरंभापासून अखेरपर्यंत एक विनवणीच आहे. मोरानें मेघाला घालावी तशी कवीनें देवाला घातलेली ती साद आहे. शिवाय तुकोबांची पालखी दरवर्षीं बारामतीवरून, इंदापूर तालुक्यांतून पंढरपुराकडे जाते. आणि तुकोबांच्या अभंगांत अनुतापाला जें स्थान आहे, तें या मासिकाच्या वाचकांना सांगावयास नको. तात्पर्य, आपलें उणें आपल्या तोंडानें कसें बोलून दाखवावें, याचे उत्तमोत्तम नमुने या मुलखाच्या कानांवरून पिढ्यान्‌पिढ्या जात आलेले आहेत. तेथेंच घडलेला एक अलीकडचा प्रसंग त्या नमुन्यांच्या शेजारीं ठेवून पाहिला, तर त्यांत कोणावर अन्याय होईल असें आम्हांस वाटत नाहीं.

प्रसंग ६ एप्रिल २०१३ चा. त्या वर्षींचा दुष्काळ १९७२ च्या दुष्काळाची आठवण करून देणारा होता. भीमेवरील उजनी धरणानें तळ गांठला होता. धरणांत पाणी सोडावें या मागणीसाठीं सोलापूर जिल्ह्यांतील एक शेतकरी मुंबईस आझाद मैदानावर पन्नासांहून अधिक दिवस उपोषण करीत होता. अशा वेळीं इंदापूर तालुक्यांतील निंबोडी या गांवीं भरलेल्या सभेंत तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनीं त्या उपोषणाचा विषय काढला. धरणांतच पाणी नाहीं तर तें आणावयाचें कोठून, असा प्रश्न त्यांनीं विचारला. आणि त्या प्रश्नाला लघुशंकेची पुस्ती जोडली. विजेच्या टंचाईकडे बोलणें वळलें, तेव्हां रात्रीं दिवे नसल्यामुळें मुलें अधिक जन्मतात, असाही विनोद झाला. सभेंत हंशा पिकला. पुढें त्या भाषणाचें चलच्चित्र दूरचित्रवाणीवर व लोकांच्या हातांतील दूरध्वनींवर फिरूं लागलें, तेव्हां मात्र महाराष्ट्र हंसला नाहीं.

या वाक्यावर जी टीका झाली, तिचा मुख्य रोख अश्लीलतेवर होता. आमच्या मतें ती टीका मूळ दोषाला स्पर्श करीत नाहीं. आमच्या बोलींत याहून ओबडधोबड शब्द पारावर रोज उच्चारले जातात, आणि त्यांनीं कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. आचार्य अत्रे यांच्या भाषणांतील विनोद सोंवळा होता असें त्यांचे चाहतेही म्हणणार नाहींत. खरा दोष आहे तो औचित्याचा. क्षेमेंद्रानें अकराव्या शतकांत ‘औचित्यविचारचर्चा’ लिहून औचित्यालाच काव्याचें जीवित ठरविलें. आणि ‘साहित्यदर्पण’कार विश्वनाथानें हास्याचे विरोधी रस सांगतांना त्यांत करुणाची गणना केली. ज्या विषयाचा स्थायिभाव शोक, त्यावर हंशा पिकवूं पाहणारा वक्ता रसविरोधाचा अपराधी ठरतो. येथें विषय होता तहानेचा, आणि त्या तहानेची दाद मागणारा माणूस अन्नत्याग करून बसलेला होता.

दुसरें असें कीं, विनोदाला दिशा असते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनीं ‘सुदाम्याचे पोहे’ लिहिले, तेव्हां त्यांचा रोख समाजावर अंमल गाजविणाऱ्या रूढींवर होता. म्हणजे दुबळ्याच्या बाजूनें बलवानाची थट्टा होती. निंबोडीच्या विनोदांत हा क्रम उलटला. बोलणारा १९९९ पासून दशकभर राज्याचें पाटबंधाऱ्याचें खातें सांभाळलेला मंत्री. आणि ज्याच्यावर बोललें गेलें, तो मैदानांत उपाशी बसलेला शेतकरी. असा विनोद सभ्य शब्दांत केला असता, तरीही तो तितकाच बोंचला असता. किंबहुना शब्द सभ्य असते तर त्याची कोणीं दखलही घेतली नसती, आणि तें अधिक वाईट झालें असतें.

अशा वेळीं एक बचाव हटकून पुढें येतो. तो म्हणजे, वाक्य संदर्भापासून तोडलें गेलें. हा बचाव सरसकट धुडकावून लावण्यासारखा नाहीं. पूर्वीं सभेंतला शब्द सभेंतच विरत असे. वर्तमानपत्रांत त्याचें सार येई, आणि सार काढतांना वार्ताहर त्याचे कंगोरे घांसून टाकी. आतां वीस-तीस सेकंदांचा तुकडा सुटतो, आणि मागचेंपुढचें कांहीं न ऐकलेला श्रोता त्यावर निकाल देतो. यांत कित्येकांवर अन्याय झाला आहे, यांत शंका नाहीं. परंतु या बचावाची कसोटी सोपी आहे. संदर्भ परत जोडून पाहावा आणि दोष कमी होतो कीं वाढतो तें तपासावें. निंबोडीच्या वाक्याला दुष्काळाचा, उजनीचा आणि उपोषणाचा संदर्भ जोडला कीं दोष वाढतो. म्हणून येथें तो बचाव लागू पडत नाहीं.

आतां क्षमायाचनेकडे वळूं. मराठींत या कामीं तीनचार शब्द आहेत, आणि ते एकमेकांचे पर्याय समजून वापरले जातात. तसे ते नाहींत. ‘दिलगिरी’ हा फारसींतून आलेला शब्द. त्याचा अर्थ मनाची खिन्नता. दिलगीर झालेला माणूस स्वतःच्या मनाची स्थिति सांगतो, त्यापलीकडे कांहीं नाहीं. पाऊस आला म्हणून सभा रद्द झाली, तरी चिटणीस दिलगिरी व्यक्त करतो. ‘माफी’ हा शब्द अरबी मुळाचा; त्यांत देण्यापासून सुटका मिळविण्याचा भाव आहे, आणि सारामाफी, कर्जमाफी या शब्दांत तो अजून जिवंत आहे. ‘क्षमा’ मात्र संस्कृत ‘क्षम्’ या धातूपासून, म्हणजे सहन करणें यापासून निघाली आहे. भूमीलाही क्षमा म्हणतात तें यामुळेंच. जो क्षमा मागतो, तो समोरच्याला सांगतो कीं माझ्या कृत्याचा भार तुझ्यावर पडला आहे, तो तूं सोसावास. म्हणजे दिलगिरीला एक माणूस पुरतो. क्षमेला दोन लागतात. इंग्रजींतील ‘अपॉलॉजी’ या शब्दाची गंमत तर आणखीच निराळी. ग्रीक भाषेंत त्याचा मूळ अर्थ बचावाचें भाषण असा आहे. प्लेटोनें लिहिलेलें सॉक्रेटिसाचें न्यायसभेंतील भाषण याच नांवानें प्रसिद्ध आहे, आणि त्यांत सॉक्रेटिस कोणाची क्षमा मागत नाहीं. आजचीं पुष्कळशीं निवेदनें वाचलीं कीं वाटतें, तीं मराठींत लिहिलीं असलीं तरी त्यांचा आत्मा ग्रीकच आहे.

या निवेदनांतील एक वाक्यरचना तर आतां ठरूनच गेली आहे. भावना दुखावल्या ‘असतील तर’ खेद आहे, असें तींत म्हटलेलें असतें. व्याकरणदृष्ट्या हा संकेतार्थ झाला. दुखावल्या नसतील, तर खेद नाहीं. आणि दुखावल्या कीं नाहीं, हें पाहण्याचा भारही ऐकणाऱ्यावर. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जॉन ऑस्टिन यांच्या १९६२ सालीं प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत एक मार्मिक विचार आहे. कांहीं वाक्यें माहिती देत नाहींत, तीं उच्चारणें हीच एक कृति असते. वचन देणें आणि क्षमा मागणें हीं त्यांपैकींच होत. सप्तपदीच्या वेळीं कोणी ‘जमल्यास’ असा शब्द घातला, तर लग्न लागेल काय? तीच गत ‘असतील तर’ची.

या मापानें पाहतां २०१३ च्या प्रसंगांत पवारांच्या पदरांत कांहीं गुण टाकणें भाग आहे. त्यांनीं क्षमा मागण्यास दिवस लावले नाहींत; ७ एप्रिलला, म्हणजे दुसऱ्याच दिवशीं, ती मागितली. विधिमंडळांतही मागितली. आपली मोठी चूक झाली, असें त्यांनीं स्पष्ट म्हटलें. त्यांचे चुलते व पक्षाध्यक्ष शरद पवार यांनींही त्या उद्गारांचें समर्थन केलें नाहीं. विरोधकांनीं राजीनाम्याची मागणी लावून धरली. तो दिला गेला नाहीं. मग १४ एप्रिलला, रविवारीं, ते कऱ्हाडास गेले आणि कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर, यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशीं, दिवसभर उपोषण करून बसले. या कृतीला त्यांनीं नांव दिलें आत्मक्लेश.

विरोधकांनीं याला नाटक म्हटलें. कोणाच्या अंतःकरणांत काय होतें हें सांगण्याचा अधिकार टीकाकाराला नाहीं. म्हणून तो शब्द आम्ही वापरीत नाहीं. परंतु जी कृति चव्हाट्यावर केली जाते, तिची रचना कशी आहे तें पाहण्याचा अधिकार सर्वांना आहे. आमच्या धर्मशास्त्रांत प्रायश्चित्ताची व्यवस्था विचारपूर्वक केलेली आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत पापक्षालनाचे उपाय सांगतांना ख्यापन, म्हणजे स्वतःचें पाप स्वतः सांगणें, आणि अनुताप यांना तपाच्याही आधीं ठेवलें आहे. आणि प्रायश्चित्त कोणतें व किती, हें सांगण्याचें काम परिषदेकडे दिलें आहे. जातिधर्माचे अन्याय त्या व्यवस्थेंत भरलेले होते, हें कोणीही नाकारणार नाहीं. तथापि तिच्यांतलें एक तत्त्व शहाणपणाचें होतें. अपराध्यानें आपली शिक्षा आपण ठरवूं नये, हें तें तत्त्व. कऱ्हाडच्या आत्मक्लेशांत स्थळ, काळ, प्रकार आणि अवधि, चारही गोष्टी अपराध्यानेंच निवडलेल्या होत्या.

स्थळाची निवड तर विशेष विचार करण्यासारखी आहे. उजनीच्या जलाशयाचें नांव यशवंतसागर. तें यशवंतरावांच्याच स्मरणार्थ दिलेलें आहे. त्या जलाशयाचा फुगवटा इंदापूर तालुक्यांत पसरलेला असून त्याखालीं कित्येक गांवें गेलीं. पळसदेवचें जुनें देऊळ त्याच पाण्यांत आहे. पाणी फार खालीं गेलें कीं तें पुन्हां दिसूं लागतें. म्हणजे यशवंतरावांची आठवण ठेवून क्लेश करावयाचे, तर त्यासाठीं कऱ्हाडच गांठण्याची गरज नव्हती. त्यांचें नांव धारण करणारा आटलेला सागर सभेच्या गांवाच्याच तालुक्यांत होता, आणि ज्याची क्षमा मागावयाची तो माणूस आझाद मैदानावर होता. समाधि क्षमा करूं शकत नाहीं, नाकारूंही शकत नाहीं. उपाशी शेतकऱ्यानें ती कदाचित् नाकारली असती. आणि नाकारली जाण्याची शक्यता पत्करणें, यांतच क्षमा मागण्याचें सर्व मोल आहे.

परंतु दोष एकट्या वक्त्याच्या पदरीं बांधून आम्ही मोकळे होऊं शकत नाहीं. खवळलेल्या लोकांचेंही परीक्षण झालें पाहिजे. शेतकऱ्याचा प्रश्न होता, पाणी केव्हां येईल? महाराष्ट्रानें मात्र विचारलें, मंत्री असा शब्द कसा बोलला? पहिल्या प्रश्नाला उत्तर द्यावयाचें तर धरणांचे हिशेब मांडावे लागतात; वरच्या धरणांत किती पाणी आहे, कालव्यानें किती गेलें, उंसाला किती आणि पिण्याला किती, हें सांगावें लागतें. दुसऱ्या प्रश्नाला चार ओळींचें निवेदन व एका दिवसाचें उपोषण पुरतें. लोकांनीं सोपा प्रश्न विचारला आणि त्यांना सोपें उत्तर मिळालें. उत्तरदायित्व या शब्दांत ‘उत्तर’ आहे. तें ज्यानें प्रश्न विचारला त्याला द्यावयाचें असतें. त्या आठवड्यांतला एवढा सगळा संताप पाण्याच्या हिशेबामागें उभा राहिला असता, तर त्या बेफाम वाक्याचा निदान कांहीं उपयोग झाला, असें म्हणतां आलें असतें.

या प्रसंगाच्या जोडीला दुसरे दोन ठेवल्याशिवाय तराजूचें पारडें नीट दिसणार नाहीं. नोव्हेंबर २०१२ मध्यें बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्यासंबंधीं पालघरच्या एका तरुणीनें फेसबुकावर आपलें मत लिहिलें आणि तिच्या मैत्रिणीनें त्याला पसंती दर्शविली. दोघींना अटक झाली, आणि एकीच्या चुलत्याच्या दवाखान्याची मोडतोड झाली. ज्या ६६ अ या कलमाचा तेथें आधार घेतला गेला, तें कलम २४ मार्च २०१५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें घटनाबाह्य ठरवून रद्द केलें. तरीही मे २०२२ मध्यें शरद पवार यांच्यासंबंधीं एक मजकूर फेसबुकावर दिल्याबद्दल एका मराठी अभिनेत्रीस अटक झाली, व तिला महिन्याहून अधिक काळ कोठडींत व तुरुंगांत काढावा लागला. त्याच महिन्यांत नाशिक जिल्ह्यांतील औषधनिर्माणशास्त्राच्या एका विद्यार्थ्यास ट्विटरवरील मजकुराबद्दल पकडण्यांत आलें. त्या मजकुरांत कोणाचें नांव नव्हतें. उल्लेख होता तो बारामतीचा. तत्कालीन गृहखातें पवारांच्याच पक्षाकडे होतें. जून महिन्यांत मुंबई उच्च न्यायालयानें यावर कडक शब्दांत नापसंती दाखविली; विद्यार्थ्याला असें डांबून ठेवणें खुद्द पवारांसारख्या मोठ्या माणसालाही आवडणार नाहीं, अशा आशयाचें मत न्यायासनावरून व्यक्त झालें.

हे दोन्ही मजकूर चांगले होते असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. कोणाच्या आजारपणावर घसरणें हा क्षुद्रपणा आहे, आणि गांधीहत्येची आठवण देऊन कोणाकडे बोट दाखविणें हें त्याहूनही निंद्य आहे. सभेंतलें बोलणें तोंडून निसटतें, असें निदान म्हणतां येतें. लिहिलेला मजकूर पाठविण्यापूर्वीं पुन्हां वाचण्याची संधि असते, आणि ती दवडणारा अधिक दोषी ठरतो. परंतु शिक्षेचें माप पाहा. राज्याच्या उपमुख्यमंत्र्यानें तहानेल्यांची थट्टा केली, त्याचें प्रायश्चित्त एक दिवस, तेंही स्वतः निवडलेलें. विद्यार्थ्यानें निनांवी टोमणा मारला, त्याचें प्रायश्चित्त महिनाभर, तेंही पोलिसांनीं निवडलेलें. ज्याच्या शब्दाला खरें वजन, त्याला सूट. ज्याच्या शब्दाला फुंकरीचें वजन, त्याला बेडी. पालघरचें उदाहरण निराळ्या नेत्याचें, आणि बारामतीचें निराळ्या. तेव्हां हा एका पक्षाचा दोष म्हणून बाजूस सारतां येत नाहीं. हा आमच्या सार्वजनिक सवयीचा दोष आहे.

प्रसिद्ध केलेल्या शब्दाची जबाबदारी कशी उचलावी, याचा एक जुना धडा आमच्याच घरांत आहे. ‘केसरी’ निघून फार दिवस झाले नव्हते, तोंच कोल्हापूर प्रकरणांत दिवाण बर्वे यांच्याविरुद्ध टिळक व आगरकर यांनीं कांहीं पत्रांच्या भरंवशावर मजकूर छापला. पत्रें बनावट निघालीं. दोघांनींही क्षमा मागितली. तरीही १८८२ मध्यें शिक्षा झाली, आणि ते डोंगरीच्या तुरुंगांत एकशें एक दिवस राहिले. आगरकरांनीं त्या दिवसांवर पुढें पुस्तकच लिहिलें. या प्रकरणाचा विशेष असा कीं, तेथें क्षमा मागितली गेली ती ज्याच्यावर आरोप केला होता त्याची. आणि क्षमा मागितली म्हणून परिणाम टळले नाहींत. त्यांची लोकांतली किंमत यामुळें कमी झाली नाहीं, उलट वाढली. क्षमा ही शिक्षेच्या बदल्यांत द्यावयाची पावती नव्हे, हें त्या दोन तरुण संपादकांच्या उदाहरणावरून समजतें.

मग या गद्यप्रकाराचीं लक्षणें कोणतीं सांगावींत? पहिलें, काय बोललों तें जसेंच्या तसें मान्य करावें. ‘असतील तर’ नको. दुसरें, ज्याला लागलें त्याचें नांव घेऊन त्याला उद्देशून बोलावें. तिसरें, प्रायश्चित्त आपण ठरवूं नये. आणि ज्या प्रश्नाला बगल दिली होती, त्या प्रश्नाचें उत्तर द्यावें. आणि ऐकणाऱ्यासाठीं चौथें, बोलणाऱ्याची सत्ता जितकी मोठी तितका जाब कडक, आणि ती जितकी लहान तितका सौम्य.

हें केवळ मंत्र्यांसाठीं आहे असें समजून वाचकांनीं अंक मिटूं नये. आज घरोघर प्रत्येकाच्या हातांत छापखाना आहे. थोरल्या काकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून निघालेला मजकूर धाकट्या भाच्याच्या नांवावर फिर्याद होऊन परत येऊं शकतो. मुलाला पाठविण्यापूर्वीं वाचावयास शिकवावें; आणि दुसऱ्याचें चुकलेलें वाक्य हातीं आलें, तर तें पुढें ढकलण्यापूर्वीं आपण नेमका कोणता प्रश्न विचारीत आहों, हें स्वतःला विचारावें. निंबोडीचा शब्द लोकांच्या चांगला लक्षांत राहिला आहे. त्या शेतकऱ्यानें विचारलेला प्रश्नही तितकाच लक्षांत राहिला असता, तर ही क्षमायाचना एका दिवसावर भागली नसती.